बिनकोटिंगची लेन्स आणि आखाजीचं ऊन

चोपड्याला मामांच्या घरी माळा आवरताना लोखंडी पेटीत आजोबांचा कॅमेरा सापडला. जर्मन कंपनी झाइस आयकॉनचा घडीचा आयकोंटा, १२० नावाच्या रुंद फिल्म रोलवर ६ बाय ९ सेंटिमीटरच्या आठ फ्रेम घेणारा. बटण दाबलं तसा भाता अडखळत पुढे आला आणि लेन्सच्या कड्यावरची अक्षरं दिसली : टेसार, १०.५ सेंटिमीटर, एफ ४.५. मामांनी तो घेऊन जायला सांगितलं, "लई जाय भाचा, आठे ते सडी जाई."

जळगावला आणून पहिल्यांदा तो ट्यूबलाइटखाली धरला. लेन्सवर कोटिंग, म्हणजे परत फिरणारा प्रकाश कमी करणारा पातळ थर, आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. काचेत दिव्याची प्रतिबिंबं बघायची. निळी-जांभळी दिसली तर कोटिंग आहे, दिव्यासारखीच पांढरी दिसली तर नाही. माझी पांढरी होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कोटिंगवाल्या झाइस लेन्सवर लाल 'टी' असतो, तोही इथे नव्हता.

कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. टेसार ही झाइसच्या पाउल रुडॉल्फ यांची १९०२ ची लेन्सची रचना. तिच्यात चार भिंगं असतात, मागची दोन एकमेकांना चिकटवलेली. म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग सहा. हिशेब केला तर पाचवा भाग किंवा थोडा जास्तच प्रकाश वाटेत फुटतो. एक्स्पोजरमध्ये हा तोटा साधारण एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). खरी अडचण वेगळी आहे. परत फिरलेला प्रकाश आतल्या आत आपटत राहतो आणि त्यातला काही फिल्मवर धुक्यासारखा पसरतो. कॉन्ट्रास्ट उतरतो तो त्यामुळे. झाइसमध्ये अलेक्झांडर स्मकुला यांनी १९३५ मध्ये कोटिंगची पद्धत शोधली, ती याच्यावरच उपाय म्हणून.

पण आधी काच स्वच्छ व्हायला हवी होती. आपली हवा कोरडी, म्हणून बुरशी लागणार नाही असं मी धरून चाललो होतो. चामड्याची पिशवी पावसाळ्यातली ओल वर्षभर धरून ठेवते, हे मागच्या भिंगावरचं जाळं बघून कळलं. भिंगांची कडी सोडवायला फुले मार्केटच्या बाजूला बसणाऱ्या एका घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात कॅमेरा उघडला नव्हता, पण हात असा स्थिर की मी निर्धास्त झालो. शटर चिकटलं होतं. एक सेकंदाला दीड सेकंद लागत होता. मी तेलाची बाटली पुढे केली तर त्यांनी ती बाजूला सारली. "तेल नको. तेलानंच ही पाती धरलीत." त्यांनी लायटरच्या पेट्रोलने पाती दोनदा धुतली आणि रात्रभर वाळू दिली. दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये मोजलं. एक-पंचविसांश सेकंदाला साधारण दहा फ्रेम यायला हव्यात, अकरा आल्या. एवढा फरक चालतो.

बुरशीवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया सारख्या प्रमाणात घेतलं, खिडक्या सताड उघड्या ठेवून. आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग ओला कापूस न दाबता फिरवायचा, शेवटी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून घ्यायचं. मागची जोडभिंगं मात्र बुडवली नाहीत. ती कॅनडा बाल्सम या झाडाच्या चिकाने चिकटवलेली असतात, आणि मिश्रण कडेने आत शिरलं तर सांधा खराब होण्याची भीती. बुरशी गेली, पण कडेला एक बारीक ओरखड्यासारखी रेष उरली, कारण तिथे बुरशीने काचच खाल्ली होती. फोटोत ती दिसत नाही.

पुढच्या भिंगावर तिरक्या उजेडात निळसर झाक होती. मी ती घासून काढणार होतो. थांबलो ते बरं झालं. १८९० च्या दशकात इंग्लंडचे लेन्स-रचनाकार हॅरोल्ड डेनिस टेलर यांच्या लक्षात आलं होतं की अशी झाक आलेली जुनी लेन्स नव्या लेन्सपेक्षा जास्त प्रकाश आत सोडते. कोटिंगची कल्पना तिथूनच निघाली. काळानेच आजोबांच्या काचेवर थोडं कोटिंग चढवलं होतं, ते मी का पुसू? भिंगांच्या कडांचा काळा रंग उडाला होता, तिथे ड्रॉइंगची काळी शाई लावली. माझ्या मते आतली चकाकी मारायला याइतकं स्वस्त आणि खात्रीचं काम दुसरं नाही.

सगळ्यात जास्त मनस्ताप फोकसने दिला. पुढचं भिंग आट्यांवर फिरून फोकस होतं आणि त्या आट्या एकापेक्षा जास्त ठिकाणी सुरू होतात. काढताना खूण केली नाही. बसवलं तेव्हा छान बसलं, पण चुकीच्या आट्यात. पहिला रोल पुरा गेला. तापीवरचा पूल, केळीच्या बागा, लांबचं सगळं पुसट. त्यात चोपड्याच्या जुन्या घराचे दोन फोटो होते, आणि त्या घराची पुढची भिंत पुढच्या महिन्यात पाडली. ते आता परत मिळणार नाहीत. मग फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून बसवला, शटर उघडं ठेवलं, डोक्यावरून काळी चादर घेतली आणि किलोमीटरभर लांबच्या पाण्याच्या टाकीची शिडी स्पष्ट होईपर्यंत एकेक आटा तपासला. तिसऱ्या वेळी जमलं. त्याच ट्रेसिंग पेपरवर बघत लेन्सवर सावली धरणारा काळ्या चार्टपेपरचा हूड कापला, कोपरे झाकणार नाहीत इतकाच लांब. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावला तेव्हा घडीच्या कोपऱ्यांवर दोन तारे चमकले. ती बारीक भोकं काळ्या फॅब्रिक कलरने बुजवली.

त्याच काळात चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन बघून आलो. जवळपास ५० वर्षं घराबाहेर न पडता काम केलेला हा माणूस. घरातला उजेड त्यांच्या हातातला होता, त्यांना हवा तसा वळणारा. माझ्या वाट्याला खानदेशचं उघडं ऊन होतं, आणि प्रत्येक पुस्तक सांगत होतं की बिनकोटिंगची लेन्स कडक उन्हात नेऊ नका.

१० मे २०२४ ला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आई माहेरी आलेली, निंबाला झोका बांधलेला, मुली गाणी म्हणत झोके घेत होत्या. आजी सावलीत खाटेवर बसली होती. बाहेर अंगण पांढरं फटक, झाडाखाली काळोख. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याच्या नव्या लेन्सने अशा जागी मी अनेकदा हरलो आहे. सावलीतली माणसं निव्वळ काळी येतात. या वेळी १२५ आयएसओची फिल्म, एफ ११, एक-पन्नासांश सेकंद, सूर्य पाठीशी नाही पण काचेवरही नाही. हुडावर मामा रुमालाची सावली धरून उभे.

रोल धुतला तो रात्री. टाकीचं पाणी रात्रीसुद्धा कोमट होतं. मातीच्या माठातलं पाणी घेतलं, घमेल्यात बर्फ टाकून डी-७६ डेव्हलपरचं तापमान २४ वर आणलं आणि २० अंशांची साडेआठ मिनिटं सहावर आणली. धुण्याचं पाणीसुद्धा तेवढ्याच तापमानाचं ठेवलं. एकदम थंड-गरम झालं तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुततो.

निगेटिव्ह उजेडाला धरली आणि सावलीतला भाग रिकामा नव्हता. लेन्सच्या आत फुटलेल्या प्रकाशाने सावलीला जरासं आधीच एक्स्पोजर दिलं होतं, आणि आजीच्या तोंडावरचा अंधूक उजेड त्या आधारावर फिल्मवर उमटला होता. ज्याला सगळे दोष म्हणतात त्यानेच आमच्या उन्हाची धार बोथट केली. पावसाळ्यात, आभाळ भरलेलं असताना, हीच लेन्स सगळं राखाडी करते. तेव्हा मी पिवळा फिल्टर लावतो आणि डेव्हलपरमध्ये मिनिटभर जास्त ठेवतो, तरी ती मजा येत नाही. ही लेन्स मला मे महिन्यासाठीच हवी.

प्रिंट चोपड्याला नेली. मामांनी ती ओट्यावर उजेडात धरली, चष्मा वर केला आणि आत आवाज दिला, "दख वं, मायनी नथ बी दिखी ऱ्हायनी."