अमेरिकेतून सांगलीला घर हलवताना मूव्हर कसा निवडायचा?

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातलं घर आवरून कायमचं सांगली-मिरजेला परतायचं ठरलं की मूव्हर्सना फोन सुरू होतात. तीन कंपन्यांचे तीन कोट, म्हणजे खर्चाचे अंदाज, येतात आणि त्यातला एक दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. स्वस्त कोट खोटाच असतो असं नाही, पण बऱ्याचदा तो अर्ध्या वाटेचा असतो. सामान मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरात उतरलं की त्या कंपनीचं काम संपतं. तिथून सांगलीत विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यापर्यंतचा खर्च, धावपळ आणि जबाबदारी तुमची. म्हणून आकडा बघण्याआधी कंपनीची जबाबदारी नेमकी कुठे संपते ते बघा. हे अमेरिकेतून निघणाऱ्यांसाठी लिहिलं आहे, आणि तितकंच सांगलीत दारात उभं राहून सामान उतरवून घेणाऱ्या आई-बाबांसाठीही.

कोटावर 'डोअर टू पोर्ट' लिहिलंय की 'डोअर टू डोअर', हे आधी शोधा. 'डोअर टू डोअर' असलं तरी निर्धास्त होऊ नका, त्यात काय धरलंय ते एकेक करून लेखी विचारा. बंदरातलं टर्मिनल हँडलिंग, सीएचएची (कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटची) फी, कस्टम तपासणीसाठी पेट्या उघडून पुन्हा बंद करायची हमाली, सांगलीपर्यंतचा ट्रक, मोठी गाडी गल्लीत शिरत नसेल तर छोट्या गाडीत बदली, वरचा मजला, पलंग-कपाटांची जोडणी, रिकामी खोकी उचलून नेणं. यातलं जे कोटात लिहिलेलं नसेल ते धरलेलं नाही असंच समजा. कस्टम ड्युटी आणि बंदरात सामान अडकल्यावर चढणारं भाडं सहसा कुठल्याच कोटात नसतं. ते वेगळं बाजूला काढून ठेवा.

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवताना बिल बहुधा वजनावर होतं. समुद्रमार्गाने मात्र मोजमाप घनफळाचं, म्हणजे घनफूट किंवा घनमीटर. एका घनमीटरात साधारण 35.3 घनफूट बसतात. अमेरिकेत खोकी ठरावीक मापाची मिळतात: पुस्तकांचं दीड घनफुटाचं, मधलं तीनचं, मोठं साडेचारचं. तीस पुस्तकांची आणि चाळीस मधली खोकी धरली तर 45 अधिक 120, म्हणजे 165 घनफूट झाले. त्यात सोफा, पलंग, गादी, जेवणाचं टेबल मिळवलं की आकडा झपाट्याने वाढतो. हा हिशोब कागदावर स्वतः मांडून ठेवलात तर सर्व्हेला, म्हणजे सामान बघून माप धरायला, आलेला माणूस मुद्दाम कमी माप धरतोय का, ते लगेच लक्षात येतं. कमी माप धरण्याचं कारण सरळ आहे. कोट स्वस्त दिसतो, तुम्ही होकार देता, आणि सामान गोदामात गेल्यावर 'माप जास्त भरलं' असा फोन येतो. तेव्हा सामान त्यांच्या ताब्यात असतं. नॉन-बाइंडिंग, म्हणजे कंपनीला बंधनकारक नसलेला, अंदाज असेल तर सामान सोडवताना अंदाजाच्या 110 टक्क्यांहून जास्त मागता येत नाही, असा नियम अमेरिकेत आहे. पण तो राज्याराज्यांतल्या हलवाहलवीसाठी आहे, समुद्रापारच्या सामानाला तो लागू धरू नका. इथे संरक्षण एकच: माप वाढलं तर दर घनफुटाला किती, आणि माप पेटीच्या आतलं की लाकडी पेटीसकट बाहेरचं, हे करारात लिहून घेणं.

पूर्ण कंटेनर घ्यायचा की वाट्याने पाठवायचं? वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे 1170 घनफूट जागा असते, पण फर्निचर कितीही नीट रचलं तरी हजाराच्या आसपासच भरतं. दोन बेडरूमचं भरलेलं घर असेल तर कंटेनर घ्यावा. तो तुमच्या दारात भरून सील होतो आणि सीलचा नंबर तुम्ही लिहून घेता. सामान तीन-चारशे घनफूटच असेल तर ते लाकडी पेट्यांत भरून इतरांच्या मालाबरोबर जातं. अशी एक पेटी साधारण दोनशे घनफुटांची असते. यात पैसे वाचतात, पण कंटेनर भरेपर्यंत थांबावं लागतं आणि बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनवर (जिथे वाट्याचे कंटेनर भरतात आणि रिकामे करतात) एक जास्तीची चढ-उतार होते. लाकडी पेटीवर आयएसपीएम-15 चा शिक्का हवाच. कीड लागू नये म्हणून लाकूड तापवून किंवा धुरी देऊन घेतल्याची ती खूण असते. शिक्का नसेल तर पेटी भारतात अडकते.

आता कंपनीची पारख. अमेरिकेतून समुद्रमार्गे घरसामान पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याकडे फेडरल मेरिटाइम कमिशनचा (तिथल्या सागरी वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) परवाना लागतो. परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. कोटावरचं नाव तिथे अक्षरशः तसंच मिळालं पाहिजे, 'आमच्या सहयोगी कंपनीचा परवाना आहे' हे उत्तर पुरत नाही. फोनवर गोड बोलणारा पुष्कळदा नुसता दलाल असतो आणि खोकी भरायला भलतीच माणसं येतात. पॅकिंग कोण करणार, ट्रक कोणाचा, बिल ऑफ लेडिंग (जहाजातल्या मालाचा मुख्य कागद) कोण काढणार, हे तीन प्रश्न विचारले की चित्र स्पष्ट होतं. घर न बघता, निदान व्हिडिओवर कपाटं, गॅरेज, पोटमाळा उघडून न बघता कोट देणाऱ्याला तिथेच नकार द्या. पॅकिंगच्या आधीच मोठी आगाऊ रक्कम मागणाऱ्यालाही.

यापेक्षा महत्त्वाचा एक प्रश्न आहे आणि तो फार थोडे जण विचारतात: मुंबईत तुमचा एजंट कोण? अमेरिकेतली कंपनी कितीही मोठी असो, न्हावा-शेव्याला काम करतो तो तिथला एजंट. त्याचं नाव आणि नंबर करार करण्याआधी घ्या, आणि सांगलीतून आई-बाबांनीच त्याला एक फोन करावा. सांगली, सातारा, कराड भागात गेल्या वर्षभरात सामान पोचवलंत का, कुठल्या गाडीने, मजला चढवायला माणसं तुमची की इथेच शोधता? खरंच काम करणारा माणूस याची उत्तरं न अडखळता देतो. 'ते तेव्हा बघू' असं उत्तर आलं तर त्या दिवशी हमालांच्या मजुरीची घासाघीस तुमच्याच अंगावर येणार.

काय आणू नये, याबद्दल थोडं कठोर व्हावं लागतं. अमेरिकेत वीज 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ बदलत नाहीत. त्यामुळे तिकडचा मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, ड्रायर इथे आणून एक तर नीट चालत नाहीत किंवा तापून लवकर जातात, आणि सुट्टा भाग सांगलीत मिळत नाही. लॅपटॉप, कॅमेऱ्याचे चार्जर मात्र बहुतेक 100 ते 240 व्होल्टवर चालतात, चार्जरवर छापलेलं वाचा. फ्लॅट टीव्हीला ऑगस्ट 2013 पासून बॅगेजमधली (प्रवाशाने सोबत आणलेल्या सामानावरची) करमाफी नाही, आणि ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. जुनी पुस्तकं, पितळेची भांडी, विजेवर न चालणारं शिवणयंत्र, मुलांच्या सायकली, चांगलं लाकडी फर्निचर हे आणण्यासारखं. तिकडचा क्वीन पलंग 60 बाय 80 इंचांचा असतो, आपल्याकडची क्वीन गादी बहुधा 78 इंच लांब. म्हणजे पलंग आणायचा तर त्याची गादीही आणा.

सोफा आणण्याआधी आई-बाबांनी टेप घेऊन जिना मोजावा. दाराची रुंदी, जिन्याच्या वळणावरची लांबी-रुंदी आणि छताची उंची, लिफ्टच्या आतलं माप. 90 इंचांचा न सुटणारा सोफा जुन्या अपार्टमेंटच्या जिन्यात वळत नाही, मग तो दोरांनी बाल्कनीतून चढवावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावांचा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. ते पासपोर्टवर असतं, अमेरिकेतल्या लायसन्सवर आणि बँकेत गळालेलं असतं, आणि मूव्हर बिल ऑफ लेडिंगवर लायसन्समधलं नाव टाकतो. कस्टममध्ये पासपोर्टशी नाव जुळत नाही, दुरुस्तीपत्र मागवावं लागतं, आणि तोवर बंदरातलं भाडं रोज चढतं. मसुदा आला की पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची, म्हणजे कायमचं परतणाऱ्यांसाठीची कस्टम ड्युटीतली, सवलत ज्याच्या नावावर घ्यायची, सामान त्याच्याच नावाने यायला हवं. तो भारतात आलेला असावा आणि मूळ पासपोर्ट दाखवता यावा. किती वर्षं बाहेर राहिलात, मध्ये किती दिवस भारतात येऊन गेलात, सामान माणसाच्या किती आधी किंवा नंतर पोचलं, या सगळ्याला मर्यादा आहेत. बॅगेजचे नियम आणि रकमा बदलत असतात, म्हणून निघण्याच्या महिन्यात सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावरचा चालू नियमच वाचा. ओळखीच्यांनी पाच वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका. पॅकिंग लिस्टमध्ये 'किचन, 12 खोकी' असं मोघम लिहू देऊ नका. प्रत्येक खोक्यात काय, विजेच्या वस्तूचा सीरियल नंबर काय, अंदाजे किंमत किती, हे सगळं हवं.

विमा घ्याच, आणि 'ऑल रिस्क' घ्या, म्हणजे पॉलिसीत वगळलेलं सोडून बाकी सगळं नुकसान धरणारा. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांवर मूव्हर 'पॅक्ड बाय ओनर' असं लिहितो. त्यातली काचेची भांडी फुटली तर भरपाई बहुधा मिळत नाही, अख्खं खोकं हरवलं तरच मिळते. म्हणून फुटणाऱ्या वस्तू त्यांच्याच माणसांना भरू द्या. कपडे, पुस्तकं स्वतः भरली तरी चालतं. ओल आणि बुरशीचं नुकसान विम्यात आहे का, तेही विचारा. विमा घेण्याचं आणखी एक कारण आहे. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' जहाज अडकलं, त्यानंतर त्याच्या मालकाने 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केलं. असं झालं की जहाज सोडवण्याच्या खर्चाचा वाटा त्यावरच्या प्रत्येक मालधन्याला द्यावा लागतो. विमा असेल तर तो विमा कंपनी बघते. नसेल तर तुम्ही हमी भरेपर्यंत तुमचं सामान सुटत नाही.

वेळेचा मुद्दा सांगलीकरांसाठी वेगळ्याने सांगावा लागतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून घरापर्यंत दोन ते तीन महिने धरा. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास आणखी लांबला. तिकडच्या शाळा मे-जूनमध्ये सुटतात म्हणून सगळे तेव्हाच निघतात. एक तर मूव्हर्सचा दर तेव्हा चढा असतो, आणि सामान सांगलीत पोचतं ते नेमकं ऑगस्टमध्ये. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 2005 आणि 2021 चे पूरही सांगली विसरलेली नाही. गावभागात किंवा नदीकाठच्या वस्तीत तळमजल्यावर घर असेल तर सामान मेच्या आत पोचेल असं फेब्रुवारीत निघालं पाहिजे, नाहीतर दिवाळीच्या सुमाराला पोचेल असं. ते जमत नसेल तर उंचावरच्या नातेवाइकांकडे कोरडी खोली आधीच ठरवून ठेवा.

न्हावा-शेव्याहून सांगली साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर. वाटेत बोरघाट, खंबाटकी, मग सातारा, कराड आणि पेठ नाक्यावरून आत. कंटेनरचा ट्रेलर थेट दारापर्यंत बहुधा येत नाही. कंटेनर मुंबईतच रिकामा करून सामान आयशर ट्रकमध्ये भरतात. एकोणीस फुटी आयशरची बॉडी सात बाय सात धरली तर 931 घनफूट होतात, म्हणजे काठोकाठ भरलेला वीस फुटी कंटेनर एका गाडीत मावतच नाही. गाड्या किती आणि दोन्ही एकाच दिवशी निघणार का, हे विचारून घ्या, कारण उरलेलं सामान 'पुढच्या खेपेला' म्हणून गोदामात पडून राहतं. गाडी बंद बॉडीची हवी, उघड्या गाडीवर ताडपत्री चालणार नाही. सांगलीच्या खणभागातल्या बोळांत किंवा साताऱ्याच्या चढाच्या गल्ल्यांत आयशरही अडते, तिथे 'छोटा हत्ती' म्हणजे छोटा टेम्पो लागतो. गल्लीचा व्हिडिओ एजंटला आधीच पाठवला की तो खर्च कोटातच येतो, दारात वाद होत नाही.

सामान उतरताना घरची दोन माणसं लागतात. एक दारात यादी घेऊन, दुसरं आत कुठलं खोकं कुठे ठेवायचं ते सांगायला. प्रत्येक खोक्यावरचा नंबर वाचून यादीत टिक करा. कोपरा चेपलेलं, ओलं किंवा पुन्हा चिकटपट्टी मारलेलं खोकं दिसलं की ते बाजूला काढून हमाल असतानाच उघडा आणि फोटो काढा. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून फ्रेमलाच चिकटवलेले असतात, ती पिशवी मिळाल्याशिवाय रिकामं पॅकिंग उचलू देऊ नका. सही मागतील तेव्हा घाई करतील. किती नंबर आले नाहीत आणि काय फुटलं, हे त्यांच्याच कागदावर लिहून मग सही करा, आणि त्या कागदाचा फोटो ठेवा. सगळी खोकी त्या दिवशी उघडणं शक्य नसतं, म्हणून 'न उघडलेल्या खोक्यांचा दावा राखून' असंही लिहा. विम्याचा दावा करायची मुदत पॉलिसीत छापलेली असते आणि ती बऱ्याचदा थोड्याच दिवसांची असते, म्हणून काचेची आणि विजेच्या वस्तूंची खोकी पहिल्या आठवड्यातच उघडून बघा.