बोलूदो

आज अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसमध्ये बसच्या रांगेत उभा होतो. पुढच्या मुलाला मित्र दिसला. "चे, बोलूदो!" म्हणत त्याने मिठी मारली, गालाला गाल लावला. बसमध्ये चढलो, तर पुढच्याच सिग्नलला एक मोटारसायकलवाला आडवा घुसला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "बोलूदो!"

शब्द तोच. मूळ अर्थ वृषणांशी जोडलेला, म्हणजे तसा चारचौघांत न उच्चारण्यासारखा. शिवी म्हणून 'मूर्ख'. पण इथे मित्र वाक्यागणिक एकमेकांना बोलूदो म्हणतात, मैत्रिणी बोलूदा.

सोबतच्या सहकाऱ्याला विचारलं, "मी तुला म्हटलं तर चालेल?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "आत्ता नको. आधी मी तुला म्हणेन."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. अर्थ वहीत लिहून घेता येतो. पण कोणी, कोणाला, किती ओळखीनंतर म्हणायचं, हे माणसांत राहूनच कळतं.

२०१३ साली स्पेनच्या 'एल पाईस' या वर्तमानपत्राने स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या लेखकांना आपापल्या देशाचा शब्द निवडायला सांगितलं होतं. अर्जेंटिनासाठी कवी हुआन हेलमान यांनी हाच निवडला. लष्करी राजवटीने ज्यांचा मुलगा आणि सून हिरावून घेतली, जे वर्षानुवर्षं देशाबाहेर राहिले, त्या माणसाला आपल्या देशाचा म्हणून हा शब्द आठवावा, हे मला फार मोठं वाटतं.

मेक्सिकोत 'वेय'चं असंच आहे. आपल्याकडे 'साल्या'चं.

परक्या भाषेत तुम्हाला प्रेमाने पहिली शिवी कोणी दिली?