‘तारीख’मधलं सहावं अक्षर

नागपूरजवळच्या कळमन्याच्या संत्रा मार्केटात माझ्या मामांची अडत आहे. आंबिया बहाराचा माल सुरू झाला की रोजची आवक, वजन आणि भाव मुनीमजी एक्सेलमध्ये भरतात. त्याच्या सीएसव्ही फाइलवरून (साध्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या काढणारं छोटं कमांड-लाइन टूल मी पायथनमध्ये लिहून दिलं. माझ्या लॅपटॉपवर महिनाभर नीट चाललं. मामांच्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि पहिल्याच सकाळी बंद पडलं. कीएरर: ‘तारीख’.

म्हणजे त्या नावाचा रकानाच नाही. फाइल मागवून उघडली, तर पहिलाच रकाना ‘तारीख’! मुनीमजींना फोन करून चढ्या आवाजात विचारलं, हेडिंग बदललं का? “नाही जी भाऊ, हातच नाही लावला.” माझा विश्वास बसला नाही.

तीन रात्री त्यात गेल्या. वेलांटी ऱ्हस्व पडली असेल म्हणून तपासली. आजूबाजूची स्पेस असेल म्हणून ती कापणारं स्ट्रिप लावलं. हेडिंग पुसून एक्सेलमध्येच पुन्हा टाइप केलं. तरी तेच. प्रिंट केलं की स्क्रीनवर स्वच्छ ‘तारीख’ दिसायचं, आणि एरर म्हणायचा तारीख नाही. त्या एररचा राग अजून गेलेला नाही. काय हवं होतं ते सांगतो, काय सापडलं ते सांगत नाही.

तिसऱ्या रात्री हेडिंगची लांबी काढली. सहा. मी बोटांवर मोजलं: त, काना, र, वेलांटी, ख. पाच! मग प्रिंटऐवजी रेप्र वापरलं, जे न दिसणारी चिन्हंही कोडसकट दाखवतं, आणि त च्या आधी बसलेलं न दिसणारं चिन्ह उघडं पडलं: यू+एफईएफएफ, म्हणजे बॉम (बाइट ऑर्डर मार्क, फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण). एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडून सेव्ह केलं की फाइलच्या सुरुवातीला ते चिन्ह तीन बाइटच्या रूपात येतं. स्ट्रिप त्याला स्पेस मानत नाही, म्हणून काढत नाही. मी लिब्रेऑफिसमधून सेव्ह करायचो, त्यात ते येत नव्हतं.

दुरुस्ती एका शब्दाची. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) ‘यूटीएफ-८’ऐवजी ‘यूटीएफ-८-सिग’ द्यायचं. बॉम असला तर गळतो, नसला तरी फाइल नीट वाचली जाते.

मुनीमजींना साधी सीएसव्ही निवडायला अजिबात सांगू नका. त्यात मराठीची प्रश्नचिन्हं होतात. त्यांनी निवडलेला पर्यायच बरोबर होता, हे मी त्यांना फोन करून सांगितलं आणि माफीही मागितली.

हो, एक राहिलं. ‘१२५०’ असे देवनागरी आकडे पायथनचं फ्लोट (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) बिनतक्रार घेतं, पण ‘१,२५०’ मधल्या स्वल्पविरामावर तेही कोसळतं. तो आधी काढून टाका. आणि एररमध्ये ओळ क्रमांक व सापडलेली हेडिंग रेप्रसकट छापा. मी आता छापतो. मुनीमजींची ती फाइल जशीच्या तशी टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, बॉमसकट.

दुसऱ्या दिवशी लिलाव आटोपल्यावर मामांनी पट्ट्यांचा फोटो पाठवला. वरच्या ओळीत तारीख होती.