देवमासा आणि वरणभात

आमच्या गावच्या लायब्ररीत जुन्या पुस्तकांचा सेल लागतो, त्याचा शेवटचा दिवस पिशवीचा. पाच डॉलरला एक कागदी पिशवी, तिच्यात मावतील तेवढी पुस्तकं. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढली तरी ‘मावतील तेवढी’ हे शब्द ऐकले की माझ्यातली मंडईत घासाघीस करणारी बाई जागी होते. त्या दुपारी पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक, दोन रहस्यकथा आणि उरलेल्या फटीत ‘मोबी डिक’, हर्मन मेलव्हिलची देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी, असा माल भरला. हा ‘मोबी डिक’ साधासुधा नव्हे. ईस्टन प्रेसचा, चामडी बांधणीचा. पाठीवर उंचवटे, २२ कॅरट सोन्याची नक्षी, पानांच्या कडा सोनेरी, आत रेशमी अस्तर आणि खुणेला रेशमी फीत. सराफाच्या पेढीवर शोभावं असं पुस्तक मी लोणच्याच्या बरणीसारखं पिशवीत कोंबून आणलं.

घरी येऊन उघडलं तर ‘कट्ट’. कडांच्या सोन्यानं पानं एकमेकांना चिकटलेली. पुढचं पान, पुन्हा कट्ट. पापड मोडल्यासारखं. आतून आवाज आला, “काय मोडलं गं?”

म्हणजे हे पुस्तक कुणी उघडलंच नव्हतं. फीत बांधणाऱ्यानं ठेवली होती तश्शी, तिचा वळ कागदावर उमटलेला. मालकानं नाव लिहून चिकटवायची चिठ्ठी सुटीच, आणि कोरी.

आता माझी पंचाईत अशी की मला जेवताना वाचायची खोड आहे. आई म्हणायची, अन्नाकडे बघून जेवावं. मी बघायचे, पण पान उलटताना. माझ्या लाडक्या प्रत्येक पुस्तकात कुठे ना कुठे हळदीचा डाग आहे. ज्यात नाही ते मला खरंच आवडलं होतं का, याची शंका येते. वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्यांत तर तीन-तीन घरांच्या आमट्या असायच्या. ती बांधणी काय वर्णावी! जाड पुठ्ठा, पाठीला कापडाची पट्टी, खळीचा वास, झुरळांनी चाखलेला कोपरा. बाइंडरनं शिवण इतकी आत घेतलेली की डावीकडच्या पानावरचे ओळींचे शेवटचे शब्द शिवणीच्या पोटात. ते अंदाजानं वाचायचे. एका कादंबरीत नायिका शेवटी ‘हो’ म्हणाली की ‘नाही’, हे मला त्या शिवणीनं आजतागायत कळू दिलेलं नाही.

लंडनकरांचं याहून वाईट झालं होतं म्हणा. ‘मोबी डिक’ १८५१च्या ऑक्टोबरात आधी लंडनला तीन भागांत निघालं, ‘द व्हेल’ या नावानं, आणि त्यात शेवटचा छोटा उपसंहार आलाच नाही. जहाज बुडाल्यावर एकटा जिवंत राहिलेला इश्मेल, गोष्ट सांगणारा, त्यातच तर तरंगत असतो! मग तिथल्या परीक्षकांनी विचारलं, सगळे बुडाले तर ही गोष्ट सांगतंय कोण? रास्त प्रश्न. महिन्याभरात न्यूयॉर्कला पुस्तक आलं ते उपसंहारासकट, पण खपलं नाही. मेलव्हिलनं पुढे १९ वर्षं न्यूयॉर्कच्या गोदीवर जकात खात्यात नोकरी केली.

बत्तिसाव्या प्रकरणात हा गृहस्थ देवमाशांची वर्गवारी करतो, तीही पुस्तकांच्या आकारांवरून. मोठे ते फोलिओ, मधले ऑक्टेव्हो, धाकटे ड्युओडेसिमो. फोलिओच्या खालोखालचा क्वार्टो का नाही? तर म्हणे, बाइंडरच्या क्वार्टोत फोलिओचा घाट टिकत नाही. समुद्रात जाऊनही ह्याचं डोकं छापखान्यात! आणि एवढी मांडामांड करून शेवटी सांगतो की हे काम अपुरंच राहणार, हे सगळं पुस्तकच मुळी एक मसुदा आहे. नव्हे, मसुद्याचा मसुदा. ते वाक्य मी सोनेरी कडेच्या पानावर वाचलं आणि घास हातातच राहिला. घास, हो. कारण तोवर मी वरणभाताशी तडजोड केली होती: पुस्तक टेबलाच्या पलीकडे, पानांवर पालथा चमचा, उलटायला डावा हात. इश्मेल देवमाशाच्या त्वचेचे वाळलेले तुकडे पुस्तकांत खुणेला ठेवतो. त्याच्यापुढे माझं काय मोठंसं.

परवा पुढची पानं नुसतीच सोडवत बसले होते, शेंगा सोलाव्यात तशी. कट्ट, कट्ट. आणि शेवटाकडे, एकशे बत्तिसाव्या प्रकरणापाशी, दोन-चार पानं आवाज न करताच उलटली. मागं गेले, पुढं गेले. बाकी सगळी चिकटलेली, तेवढीच मोकळी. म्हणजे कुणीतरी थेट तिथंच उघडलं होतं.

तिथं गलबताचा म्हातारा कप्तान आहाब हिशेब मांडतो. चाळीस वर्षं समुद्रावर, त्यातली तीनसुद्धा जमिनीवर गेली नाहीत. पन्नाशी उलटल्यावर लग्न, आणि दुसऱ्याच दिवशी गलबत. लग्नाच्या उशीवर डोक्याचा खळगा पडला तो एकदाच.

त्या टेबलावर अशा चामडी पुस्तकांची मोठी रांग होती, सगळी एकाच घरातून आल्यासारखी. मी त्यातलं एकच उचललं होतं.

ते प्रकरण मी ताट न घेता वाचलं.