अप्रेंटिसचे पंधराशे रुपये कुठे अडकतात

गॅरेजमध्ये शिकायला ठेवलेल्या अप्रेंटिसच्या विद्यावेतनात सरकार महिन्याला पंधराशेपर्यंत भर घालतं, ते पैसे कुठे अडकतात त्याची ही गोष्ट. आधी एक गैरसमज, कारण मीही तोच घेऊन बसलो होतो. गॅरेजमध्ये अप्रेंटिस ठेवला म्हणून आयकरात वेगळी सूट मिळत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातलं (१ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा कायदा) ८०जेजेएए हे कलम नवीन कामगार घेणाऱ्या मालकाच्या सुटीचं, आणि त्यात पीएफवाले कामगारच धरतात. शिकाऊ उमेदवारी कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ लागू नाही, ईएसआयही नाही, त्यामुळे तो त्यात बसत नाही. विद्यावेतन धंद्याच्या खर्चात दाखवायचं, इतकंच. तेही छोट्या धंद्यांच्या सोप्या पद्धतीने (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडी) ठरावीक टक्क्याने नफा दाखवत असाल तर वेगळं वजा होत नाही.

मदत आहे ती २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर जिला सगळे ‘नॅप्स’ म्हणतात. विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला १५०० च्या वर नाही. २०१९ च्या नियमांतले किमान दर धरले तर दहावी पासला ६००० आणि आयटीआय झालेल्याला ७०००. सात हजारांचे २५ टक्के १७५० होतात, पण सरकार १५०० वरच थांबतं. राहिलेले ५५०० आपले.

पोर्टलवरची नोंदणी, ट्रेड (मुलगा शिकणार ते काम), करार यांवर लिहिण्यासारखं काही नाही. चारपेक्षा कमी माणसं असतील तर मात्र तिथेच दार बंद. ४ ते २९ पर्यंत अप्रेंटिस ठेवणं ऐच्छिक, ३० पासून सक्तीचं. संख्या एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, म्हणजे आठ जणांच्या गॅरेजला एकच.

खरी डोकेदुखी पुढे. ते पंधराशे गॅरेजच्या खात्यात येतच नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून ते थेट अप्रेंटिस मुलाच्या खात्यात जातात. आपण आपला वाटा द्यायचा, पोर्टलवर नोंदवायचा, मग सरकारचा वाटा सुटतो. तो आला नाही की मुलगा विचारायला येणार तो आपल्याकडेच, आणि त्याच्या घरच्यांना वाटणार की शेठने मधल्यामध्ये खाल्ले.

बँकेत गेलं की काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं, ‘खातं आधारला लिंक आहे, आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही.’ ते खोटं नसतं, म्हणून तर जास्त चीड येते. खातं उघडताना केवायसीसाठी आधार नंबर जोडला, हे झालं लिंक. सरकारी पैसा त्या वाटेने येत नाही. तो एनपीसीआय या बँकांमधले पैसे फिरवणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे आधार आणि बँकेच्या यादीत, त्या आधार नंबरपुढे ज्या बँकेचं नाव असेल तिकडे जातो, आणि तिथे एका आधारपुढे एकच बँक असते, शेवटी सीडिंग, म्हणजे त्या यादीत नोंद, झालेली. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं झीरो बॅलन्सचं खातं आठवतंय का, हे मुलाला विचारा. पुष्कळदा तेच तिथे बसलेलं असतं, पासबुक गावाला आणि खातं व्यवहाराविना बंद पडलेलं.

म्हणून आधी बघायचं ते पोर्टलवर पेमेंट ‘झालं’ दिसतंय की ‘फेल’. झालेलं दिसत असेल आणि मुलाच्या हातात नसेल, तर पैसे त्या जुन्या खात्यात पडलेत. जाऊन काढून आणा. फेल असेल तर सीडिंगच नाही किंवा ते खातं मेलेलं आहे. दोन्ही वेळा मायआधारच्या संकेतस्थळावर मुलाच्या आधारने लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव, अॅक्टिव्ह की इनअॅक्टिव्ह, शेवटची तारीख, सगळं एका पानावर. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तो नंबर बहुधा वडिलांचा जुना, कधीच बंद झालेला असतो. तसं असेल तर पहिली फेरी आधार केंद्राची.

नाव चुकीच्या बँकेचं निघालं तर हव्या असलेल्या बँकेत ‘लिंक करा’ असा अर्ज द्यायचा नाही. त्यावर ते पुन्हा केवायसीच करून देतात. डीबीटीसाठीचा, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठीचा, आधार सीडिंगचा संमती अर्ज मागायचा. त्यात नवीन सीडिंग आणि दुसऱ्या बँकेतून हलवणे असे वेगळे पर्याय असतात. हलवण्यावर खूण करून जुन्या बँकेचं नाव लिहायचं. मुलाला स्वतः न्या आणि शिक्क्याची पोच घ्या. पोच नसेल तर पुढच्या खेपेला अर्ज दिलाच नव्हता असं ऐकावं लागतं. काही बँकांचं सीडिंग एनपीसीआयच्या संकेतस्थळावरून घरबसल्याही होतं, पण सगळ्या बँका त्यात नाहीत. झालं म्हणून सांगितलं तरी विश्वास ठेवू नका, स्टेटसच्या पानावर नाव बदललेलं दिसेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही.

अजून एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं असतं, आधारवर बहुधा शेवटी. करार करण्याआधी सगळीकडे नाव जुळतंय का ते बघा. आपला वाटा पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत आणि बँकेतूनच द्या, रोखीचा पुरावा दाखवताना घाम फुटतो. आणि ईएसआय नाही म्हणून निर्धास्त राहू नका. जॅक सरकून पोराचा हात सापडला तर भरपाई कायद्याने मालकाच्याच अंगावर येते. अप्रेंटिसला धरून भरपाईचा विमा उतरवलेला बरा.

आयटीआय न झालेला मुलगा घेतलात तर मूलभूत प्रशिक्षण वेगळं लागतं, त्याची चौकशी आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात करायची. मी मात्र हल्ली ट्रेडच्या आधी सीडिंग स्टेटसचं पान उघडायला लावतो. अॅक्टिव्ह दिसलं, बँक मुलाच्या ओळखीची निघाली, की मग कराराचं बोलणं.