हॉलला नेसवलेली इरकल

पुण्यात जुन्या सोसायट्यांमधले हॉल सगळे एकाच रंगाचे असतात आणि तो रंग कुठल्याच शेड कार्डात सापडत नाही, मूळचा क्रीम असतो आणि मग वर्षानुवर्षं कोणी ब्रशच लावलेला नसतो. का म्हणून विचारलं तर उत्तर तयार, "अहो बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, आता कशाला खर्च करताय?" आमचं कोथरूडचं तसंच. दरवर्षी मीटिंग, कार्पेट एरिया किती वाढवून देणार, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं, मग चहा-वेफर्स, आणि परत सगळे आपापल्या कळकट हॉलमध्ये टीव्ही बघायला मोकळे.

तर भिंतींना हात लावायचा नाही हे घरात ठरलेलंच. उरतात पडदे, ते निदान काढून बरोबर नेता तरी येतात. रेडीमेड बघितले, आवडले ते परवडेनात आणि परवडले ते सगळे तपकिरी नाहीतर राखाडी. आपल्याकडे हॉलची वस्तू घेताना मळखाऊ आहे ना एवढंच बघतात, सोफा मळखाऊ, पायपुसणं मळखाऊ, आणि वर तक्रार की घरात आलं की उदास वाटतं.

कापड शेवटी आईच्याच कपाटात निघालं. आजीच्या दोन सुती इरकली, नऊवारी, डांबराच्या गोळ्यांसकट. आई नऊवारी नेसत नाही, कोणाला देतही नाही, "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून दर दिवाळीला घड्या मोडून परत घालते बस. पडद्याचं नाव काढल्यावर एकदम गप्पच झाली, मग म्हणाली, आजीच्या साडीला कात्री लावणार तू? मी विषय सोडून दिला, तर संध्याकाळी भाजी निवडताना आपणहून म्हणते, "काठ उभे आले पाहिजेत हं, आडवे लावलेस तर बघ." म्हणजे झालंच की.

उभे काठ घेतले की हिशेबही मस्त बसतो. साडीचा पन्हा साधारण 45 इंच, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. पदर बाजूला काढला तरी जमिनीपर्यंतचे तीन पडदे निघतात. खिडकी पाच फुटांची, पण रॉड दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच जास्त आणि छताच्या जरा जवळ घ्यायचा, त्याने खिडकी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. आणि कापड रॉडच्या दीडपट ते दुप्पट तरी हवंच, लोक नेमकी इथे काटकसर करतात आणि मग पडदा ओढला की वाळत घातलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो.

कापायच्या आधी पदराचा जोड नीट बघितला. अंगाचा ताणा, म्हणजे साडीच्या लांबीत जाणारे धागे, सुती आणि पदराचा रेशमी, ते दोन ताणे मागावरच एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात. बोट फिरवलं की एक बारीकशी कड लागते, तिच्या अलीकडे खरखरीत हिरवं सूत आणि पलीकडे एकदम गुळगुळीत लाल. तिथून कापायचा माझा धीर होईना, मग आईनेच कात्री घेतली आणि जोड पदराकडे राहील असं चार बोटं सोडून सरळ कापत गेली, डोळ्यात पाणीबिणी काही नाही, तोंडाने फोनवर मावशीशी बोलणं चालूच.

खिडकी पश्चिमेची, एप्रिल-मेचं ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं, त्यामुळे मागे मांजरपाटाचं अस्तर हवंच, नाहीतर हिरवा रंग बघता बघता विटणार. मांजरपाट आधी रात्रभर भिजवून वाळवला, कोरा तसाच शिवला तर पहिल्या धुण्यात आटतो आणि वरची साडी फुगते. रॉडसाठी मेट्रोने मंडईला उतरून बोहरी आळीत गेलो. जाताना मेट्रो वगैरे ठीक, येताना मात्र रॉड रिक्षातून हातभर बाहेर, आणि रिक्षावाले काका लक्ष्मी रोडच्या गर्दीत सारखे मागे वळून, "साहेब, भाला आत घ्या!"

शिवलं मी, आईच्या पायमशीनवर. पट्टा ढिला झालेला, तेल घातल्यावर तासभर नुसतं चिंध्यांवर चालवलं, मग टीप सरळ यायला लागली. वर नेफा, खाली चांगली चार इंच दुमड, कारण नव्या फ्लॅटच्या खिडक्या कुठल्या मापाच्या निघतील बिल्डरलाच माहीत. समोरच्या काकू दार उघडं बघून आत आल्या आणि मशीनवर मला बघून बायकोकडे अशा नजरेने बघितलं की विचारू नका.

दुपारी चारला ऊन मागून आलं की हिरवा रंग आतून पेटल्यासारखा दिसतो, लाल काठांच्या उभ्या रेघा सरळ खालपर्यंत, आणि गंमत म्हणजे त्या कळकट क्रीम भिंतीसुद्धा आता मुद्दाम तशा ठेवल्यासारख्या वाटतात. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर चिंचवडहून ताईचा लगेच फोन, "दुसरीला हात लावायचा नाही, ती माझी. माझी खिडकी सहा फुटी आहे, आणि शिवून तूच द्यायचे, अस्तरासकट."