मुंबईहून मालवण : आधी गाडी, मग समुद्र, बाकीचं तिथे गेल्यावर

मालवणहून आलो तेव्हापासून ऑफिसमधले दोघंतिघं आणि बिल्डिंगमधल्या काकू, सगळे एकच विचारतायत की तिकडे पॉइंट किती आहेत आणि किती दिवसात उरकतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो, मालवणला दोनच गोष्टी घट्ट ठरवायच्या, जायची-यायची गाडी आणि कुठल्या महिन्यात जायचं ते. मधले दिवस जेवढे मोकळे ठेवाल तेवढं ते गाव तुम्हाला भेटेल. सकाळी किल्ला, दुपारी स्कूबा, संध्याकाळी देवबाग आणि रात्री गोव्याला पुढे, असं करणारे खूप बघितले, बिचारे दमून जातात आणि गाव बघायचं राहूनच जातं.

तर पहिली गाडी. मालवणात रेल्वे नाही, उतरायचं कुडाळला, तिथून मालवण पंचवीस-तीस किलोमीटर. काही गाड्या कुडाळला थांबत नाहीत, त्यांच्यासाठी कणकवली, तिथून रस्ता थोडा जास्त पडतो. रात्रीची कोकणकन्या सगळ्यात सोयीची, सीएसएमटीहून अकरानंतर निघते, दादर ठाण्याहून पकडता येते आणि सकाळी आठच्या आसपास तुम्ही कुडाळला चहा पीत असता. पण तिचं तिकीट मिळवणं हेच मोठं काम आहे. आता रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० दिवस होते), त्यामुळे तारीख ठरली की कॅलेंडरवर साठ दिवस मागे जाऊन खूण करा आणि त्या दिवशी सकाळी आठला लॉगिन करून बसा. गणपती, शिमगा, मे महिना आणि आंगणेवाडीची जत्रा या वेळी भांडुप, लालबाग, डोंबिवली सगळी गावाला निघालेली असतात, तेव्हा काही मिनिटांत वेटिंग लागतं.

तुतारी दादरहून सुटते रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी. इथे तारखेची काळजी घ्या, शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं, कारण बारा वाजून गेलेले असतात. दिवसा जायचं असेल तर मांडवी, सकाळी सातनंतर निघते, पोचेपर्यंत जवळजवळ संध्याकाळ होते, पण खिडकीतून कोकण बघायचं असेल आणि बरोबर लहान मुलं असतील तर मला तीच आवडते, पॅन्ट्रीचं खाणंही चांगलं असतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात, त्यामुळे जून ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी वेळा परत एकदा तपासून घ्या. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की पाचशे किलोमीटर आहे आणि मुंबई-गोवा हायवेचं काम इतकी वर्षं चाललंय की निघायच्या आधी आठवड्याभरात तिथून आलेल्या कुणाला तरी फोन करा.

कुडाळला उतरल्यावर स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात, थेट मालवणचं भाडं आधी बोलून घ्या, चार जण असाल तर परवडतं. नाहीतर एसटी स्टँडवर जायचं आणि मालवण गाडी पकडायची. आमच्या आईला एसटीच हवी होती आणि मला वाटतं तिचं बरोबर होतं, बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट, शिवाय नेरूरपार, काळसे, धामापूर, चौके असा तो रस्ता इतका सुंदर आहे की डुलकी काढू नका. धामापूरला तलाव आहे १५३० सालचा, काठावर भगवती देवीचं मंदिर, येताना नाहीतर जाताना एक अर्धा दिवस तिथे थांबाच. पाणी इतकं शांत आणि चहूबाजूंनी झाडी, समुद्र बघून बघून डोळे तापलेले असतात त्यांना तिथे बरं वाटतं.

आता महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले दिवस, हवा बरी, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, मासळी भरपूर. मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ मिळते, फक्त तेवढ्यासाठी जायलाही माझी हरकत नाही. एप्रिल-मे म्हणजे आंबे, रातांबे आणि प्रचंड घाम, बाहेर फिरायचं सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा पण पावसाळाभर बंद, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन झाला की मग हळूहळू सुरू होतं. पावसात फक्त हिरवं कोकण बघायला जायचं असेल तर जरूर जा, पण मग ताज्या माशांची आशा धरू नका. श्रावणात आणि गणपतीत तर बऱ्याच घरी मासे शिजतच नाहीत, खानावळवाले स्वतःच्या घरच्या गणपतीत असतात, तेव्हा पाहुण्यांनी त्यांच्याकडून रोजच्यासारखी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

राहायचं कुठे? बहुतेक लोक तारकर्ली, देवबागला राहतात, किनारा छान आहे, वाद नाही. पण पहिल्यांदा जात असाल तर मी म्हणेन मालवण गावातच राहा, दांडी, वायरी, धुरीवाडा किंवा चिवला बीचच्या बाजूला. घरगुती न्याहारी निवास भरपूर आहेत, बाजार, बंदर, एसटी सगळं चालत. फोनवर बुक करताना तीन गोष्टी विचारा, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, मच्छरदाणी आहे का आणि जेवण घरी मिळेल का. जेवणाचं आदल्या दिवशी सांगावं लागतं, किती माणसं आणि काय खाणार ते, कारण त्या माऊली तेवढेच मासे आणतात आणि तेवढाच नारळ खवतात. ऐनवेळी अजून दोन जण आले म्हणून सांगणं म्हणजे त्यांना अडचणीत टाकणं.

आता किल्ला, सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांच्या हातून पायाचं पूजन झालं आणि ते ज्या ठिकाणी झालं तो मोरयाचा धोंडा दांडीच्या किनाऱ्यावर आजही आहे, दगडावर गणपती, सूर्य-चंद्र कोरलेले. किल्ल्यावर जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे जातात. माझं ऐका, आधी धोंडा बघा, तिथे उभं राहून समोर किल्ला बघा आणि मग होडीत बसा, म्हणजे समुद्रातल्या त्या कुरटे बेटावर एवढं बांधकाम नुसतं उभं करायचं ठरवणं म्हणजे काय ते कळतं. होडी बंदराच्या जेट्टीवरून, दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. दरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा की शोधा बघू. आत शिवराजेश्वराचं मंदिर, राजाराम महाराजांनी बांधलेलं, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. काही कुटुंबं अजून किल्ल्यात राहतात, त्यांच्याकडे सरबत, ताक प्यायला बसा, दोन शब्द बोला. होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात आणि लोक धावत सुटतात. चढतानाच सांगा की आम्ही नंतरच्या होडीने येऊ, बहुतेक ऐकतात. तटावरून चालायला वेळ हवाच, पण ऊन जबरदस्त असतं, सकाळची पहिली दुसरी होडी गाठा, टोपी आणि पाणी घ्या. आईसारखी गुडघ्यांचा त्रास असलेली माणसं बरोबर असतील तर ओहोटीला होडीत उतरताना पायऱ्या खोल पडतात, हात द्यायला एक जण आधी उतरवा.

ओहोटीवरून सांगायचं म्हणजे, मालवणात घड्याळापेक्षा तिथी बघा. जुना हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे अकरा-सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती आणि संध्याकाळी साडेपाचला ओहोटी. अष्टमीला उलट, सहाला भरती, दुपारी ओहोटी. अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे धरा. हे कळलं की निम्मं प्लॅनिंग आपोआप होतं, कारण दांडीवरून पद्मगडाकडे, म्हणजे किनाऱ्याजवळच्या छोट्या किल्ल्याकडे, चालत जाता येतं ते पूर्ण ओहोटीलाच, देवबागजवळचं त्सुनामी आयलंड नीट वर येतं तेही ओहोटीला, आणि रॉक गार्डनच्या खडकांमधल्या डबक्यांत छोटे मासे, शिंपले, खेकडे दिसतात तेही तेव्हाच. पद्मगडावरून पाणी चढायच्या आत परत या, यात धाडस करू नका.

स्कूबाबद्दल. इथे जे पर्यटकांना करवतात त्यात इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो, पोहता यायची गरज नाही. दमा, बीपी, कानाचा त्रास असेल तर लपवू नका. रीतसर शिकायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे होडी. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. लाइफ जॅकेट अंगात, बकल लावलेलं, आणि होडीत माणसं जास्त वाटली तर उतरायचं, पैसे गेले तरी चालतील. आणि खाली प्रवाळावर पाय ठेवू नका, तुकडे तोडून आणू नका. तो सगळा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि एक प्रवाळ तेवढं वाढायला किती वर्षं लागतात याचा विचार करा. पोहायला मुलांना न्यायचं तर चिवला बरा, देवबागच्या संगमावर कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओढ असते, तिथे पाण्यात उतरूच नका.

आणि आता ज्यासाठी मधला वेळ मोकळा ठेवा म्हणतोय ते. पहाटे उठून किनाऱ्यावर जा, नशीब असेल तर रापण लागलेली दिसेल. होडीने लांबलचक जाळं अर्धगोलात टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात, म्हातारे, पोरं, बायका, सगळे. मग आलेल्या मासळीचे वाटे होतात. ओढू का म्हणून विचारा, बहुतेक वेळा हो म्हणतात, मात्र दोराच्या मध्ये उभं राहून फोटो काढू नका. आम्ही गेलो त्या दिवशी जाळ्यात फारसं काही नव्हतं, थोडे पेडवे आणि बराच प्लास्टिकचा कचरा. एक आजोबा सांगत होते की पर्ससीनच्या मोठ्या जाळ्याने आणि लाइट लावून मासे पकडणाऱ्या मोठ्या बोटी किनाऱ्यापर्यंत काही येऊच देत नाहीत. एलईडी लाइटच्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, तरी इथल्या गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजाच्या लोकांचं हे भांडण संपलेलं नाही. आपण मासे खायला जातो तर हे पण बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी चार-पाचनंतर बंदरावर लिलाव. वाळूत ढीग लावलेले, बोली इतकी भराभर की पहिले काही मिनिटं काही कळत नाही. बाजूला उभं राहा, मासेवाल्यांच्या पाटीला पाय लावू नका, मग ऐकता ऐकता समजायला लागतं. तिथे सुरमईला इसवण आणि पापलेटला सरंगा म्हणतात. मुंबईकर जिथे जाईल तिथे सुरमई थाळी मागतो, पण मालवणात पेडवे, मुडदुशे, सौंदाळे, कर्ली, तिसऱ्ये मागा, स्वस्त आणि चवीला कितीतरी पुढे. तिरफळं घातलेला बांगडा खाल्लाच पाहिजे, तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं. कोंबडी-वडे विचारून घ्या की वडे आत्ता तळणार ना. सोमवारी बऱ्याच घरांत मासे नसतात, त्या दिवशी घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी, मला तर ते जेवण माशांइतकंच आवडलं.

थंडीत गेलात तर रिक्षावाल्याला विचारा, आज खंय नाटक आसा (आज कुठे नाटक आहे)? जत्रांच्या दिवसांत कुठल्या ना कुठल्या देवळात दशावतार असतोच. रात्री उशिरा सुरू होतो तो पहाटेपर्यंत, पेटी, मृदंग, झांज, आणि संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर तिथल्या तिथे सुचतात. शाल न्या, खाली बसायला काहीतरी न्या, आणि परतीच्या रिक्षाचं आधीच ठरवून ठेवा कारण त्या वेळेला काही मिळत नाही. आमची पोरगी झोपेल वाटलं होतं, ती शेवटपर्यंत जागी होती आणि राक्षसाच्या एंट्रीला आजीच्या मांडीवर चढून बसली.

परतीचं. रात्रीची गाडी असेल तर मालवणहून शेवटच्या एसटीवर विसंबू नका, दुपारनंतरच निघा, रिक्षा सांगून ठेवा. खाजा, खटखटे लाडू, कोकम आगळ, मसाला हे बाजारात शेवटच्या दिवशी सकाळी घ्या. आगळ प्लास्टिकच्या बाटलीत, पिशवीत गुंडाळून, उभं ठेवून आणा, सांडलं तर डाग जात नाही. मासे आणायचेच असतील तर थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फ भरून मिळतात, बॉक्सचं झाकण टेपने नीट बंद करून घ्या आणि बर्थखाली कोपऱ्यात ठेवा, डब्यातल्या बाकीच्यांना वासाचा त्रास नको. अजून काही विचारायचं असेल तर विचारा, खानावळींची नावं मात्र सांगणार नाही, ज्या घरी राहाल त्या मावशींना विचारा, त्या सांगतील तिथे जा.